घरी बांधलेली गाडी तपासा, नाकारू नका

चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, १९३२ च्या फोर्डची, बॉडी १९२९ च्या मॉडेल एची, इंजिन फोर्डच्याच १९४६ च्या मर्क्युरीचं, गिअरबॉक्स १९३९ चा आणि ब्रेक १९४० चे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात घरामागच्या शेडमध्ये अशी गाडी उभी राहायची. आठवडाभर पोरगा तीच गाडी कामाला न्यायचा, आणि सुट्टीच्या दिवशी दिवे आणि पुढची काच उतरवून मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर ताशी शंभर मैलांच्या पुढे पळवायचा. हीच ती हॉट रॉड. आज तिच्या लाल रंगाचं आणि चकचकीत क्रोमचं कौतुक होतं. मला कौतुक वाटतं ते त्या पाच सालांचं. कोणत्या सालचा कोणता भाग उचलायचा आणि का, हे ज्याला उमगलं होतं तो पदवी नसलेला अभियंता होता. अशा माणसाचं समाजाने आणि कायद्याने काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच खरा आहे. कॅलिफोर्नियाने त्याचं एक उत्तर दिलं, आपण अगदी उलटं दिलं. आपलं उत्तर चुकलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ती पाच सालं. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने मॉडेल टी दीड कोटींहून जास्त बनवल्या, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत मॉडेल ए पन्नास लाखांच्या आसपास. मंदीच्या काळात या गाड्या भंगारवाल्यांच्या वाड्यात ढिगाने पडल्या होत्या. १९३२ च्या मार्चमध्ये फोर्डने व्ही-८, म्हणजे व्ही आकारात चार-चार अशा आठ सिलिंडरांचं इंजिन आणलं. क्षमता ३.६ लिटर, ताकद ६५ अश्वशक्ती. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं ते पहिलं व्ही-८. त्यात हेन्री फोर्ड यांचा हट्ट असा, की पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर स्प्रिंगचा एकेकच आडवा पाटा राहणार. हा हट्ट १९४८ पर्यंत टिकला. त्यामुळे चाळीसच्या दशकातल्या गाडीचा स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो आस), ब्रेकचा ड्रम किंवा गिअरबॉक्स तिशीतल्या गाडीला थोड्या खटपटीने बसायचा. फोर्डची तेव्हाची जाहिरात काहीही म्हणत असो, सुट्या भागांची ही अदलाबदल हीच तिची सगळ्यात मोठी देणगी होती.

१९३२ ची चॅसी घ्यायची, कारण ती व्ही-८ चं वजन पेलण्यासाठीच बनवलेली. गिअरबॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी तिच्यात आधीपासून आहे. बॉडी मॉडेल एची, कारण ती हलकी आणि अरुंद, शिवाय कुठेही मिळणारी. गिअरबॉक्स १९३९ चा, कारण जमिनीवरून गिअर टाकायची दांडी त्यात शेवटची. १९४० पासून ती स्टिअरिंगखाली गेली. ब्रेकची गोष्ट याहून गंभीर. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९३९ मध्ये दिले, इतर कंपन्यांच्या बऱ्याच मागाहून. तोवर पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळया असायच्या. चॅसी वळली-पिळली की सळईचा ताण बदलतो आणि एक चाक आधी धरतं. १९३९ ते १९४८ मधले ड्रम आणि बॅकप्लेट जुन्या गाडीवर चढवायचे तर स्पिंडल १९३७ ते १९४१ मधले घ्यावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस ड्रम विकत आणून ठेवायचा आणि मग महिनाभर स्पिंडल शोधत फिरायचा.

इंजिनाकडे मात्र अगदी जवळून बघायला हवं, कारण या छंदाची सगळी शाळा तिथेच भरली. या व्ही-८ ला फ्लॅटहेड म्हणतात. त्याचे वॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. जळालेला वायू वॉल्व्हमधून निघून सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला येतो. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार, पण बाहेर पडायची तोंडं तीनच. मधल्या दोघांचं तोंड एकच. म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातून जायला हवी ती उष्णता वाटेत पाण्याला देऊन जाते. मॉडेल एच्या रेडिएटरला वर एक आणि खाली एक नळी. व्ही-८ ला दोन पंप, म्हणून वर दोन आणि खाली दोन नळ्या लागतात. जुन्या रेडिएटरला नुसती दोन जादा तोंडं झाळून भागत नाही; त्याचा गाभाच पुरा पडत नाही, आणि पहिल्या चढावर पाणी उकळतं.

दुसरा दोष तड्यांचा. वॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरच्या बोअरपर्यंत (आतल्या भोकापर्यंत) आणि हेडच्या बोल्टच्या भोकांभोवती ब्लॉकला तडा जातो. म्हणून जाणकार माणूस भंगारातून इंजिन आणल्यावर पहिला डॉलर तपासणीवर खर्च करायचा. ब्लॉक उकळून स्वच्छ करायचा, चुंबकत्व देऊन लोखंडी भुकटी टाकायची. तडा असेल तिथे भुकटीची रेघ उमटते. ही पायरी गाळून आधी बोअर मारला, पिस्टन घेतले आणि मग तडा दिसला, की सगळे पैसे पाण्यात.

ताकद वाढवायचे हिशेब कागदावर मांडून केलेले असायचे. मर्क्युरीच्या इंजिनाचा बोअर ३.१९ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ३.७५ इंच, मिळून २३९ घनइंच. बोअर ३.३७५ इंचांपर्यंत नेला आणि १९४९ नंतरच्या मर्क्युरीचा चार इंच स्ट्रोकचा क्रँक टाकला, की २८६ घनइंच होतात. पण ओतकामाच्या वेळी साचा किंचित सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत आधीच पातळ असते, आणि इतका बोअर मारल्यावर तिथूनच पाणी फुटतं. हेड घासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जायचं प्रमाण, वाढवायचं तर वेगळीच अडचण. फ्लॅटहेडमध्ये हवा वॉल्व्हच्या कप्प्यातून आडवी सिलिंडरवर येते, आणि हेड जितकं खाली आणाल तितकी ती वाट चिंचोळी होते. कॉम्प्रेशन वाढतं, पण इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून हेड बसवण्याआधी पिस्टनवर आणि वॉल्व्हवर मऊ मातीचा थर द्यायचा, हेड जुन्या गॅस्केटसह आवळायचं, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, हेड उचलून मातीची जाडी मोजायची. निदान एक मिलिमीटर जागा हवीच. संगणक नसताना इंजिनाच्या आतली जागा मोजायची ही रीत आजही तितकीच बरोबर आहे.

वर दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर बसवायचे. या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब अडीच पाउंडांच्या आत लागतो. त्याच्या वर गेला की सुई बसत नाही, पेट्रोल ओसंडून खालच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांवर) गळतं आणि बॉनेटखाली आग लागते. आज हौशीने जुनी हॉट रॉड बांधणारे इलेक्ट्रिक पंप जोडून नेमकी हीच चूक करतात.

पुढच्या ॲक्सलमध्ये तर यांत्रिकीचा अख्खा धडा आहे. फोर्डच्या मूळ रचनेत ॲक्सलच्या दोन टोकांपासून निघालेले दोन दांडे मागे एकत्र येऊन एकाच गोळ्यावर टेकतात. आकार पाखराच्या छातीच्या दुबेळक्या हाडासारखा, म्हणून त्याला विशबोन म्हणतात. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा ॲक्सल त्या एका गोळ्याभोवती फिरतो, कुठेच पीळ बसत नाही. पण मोठं इंजिन खाली बसवलं की तो गोळा इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या आणि सायलेन्सरच्या आड येतो. मग विशबोन मधोमध कापून दोन्ही दांडे चॅसीच्या दोन बाजूंना वेगवेगळे जोडतात. आता एक चाक वर गेलं की तो दांडा आपल्या टोकाभोवती फिरतो, दुसरा जागेवर राहतो, आणि मधला ॲक्सल पिळला जातो. घडीव आय-बीम ॲक्सल हा पीळ सोसतो. नळीचा ॲक्सल सोसत नाही. तिथे दांड्यांची कानं तुटतात. एकच बदल, पण ॲक्सल कोणता यावर तो सुरक्षित की जीवघेणा हे ठरतं.

शिवाय कॅस्टर. पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तो किंगपिन मागे पाच ते सात अंश झुकलेला हवा; हा कल म्हणजे कॅस्टर. मागे मोठे टायर लावून गाडी पुढे कलवली की चॅसीसोबत दांड्याचं मागचं टोक वर उचललं जातं आणि कॅस्टर कमी होतो. मग साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात. ॲक्सल तापवून, टोकं ओढून गाडी दोन-तीन इंच खाली आणली, तर स्टिअरिंग आर्मही वाकवावे लागतात, नाहीतर दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड विशबोनला घासतो. आणि अशा ॲक्सलवर क्रोम चढवलं तर मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. मुलामा दिल्याबरोबर काही तास भट्टीत शेकलं नाही तर ॲक्सल एक दिवस काडीसारखा मोडतो.

हे सगळं इतकं खोलात जाऊन सांगायचं कारण आहे. आपल्याकडे अशा कामाला ‘जुगाड’ हा एकच शब्द आहे, आणि त्यात कौतुक आणि तुच्छता दोन्ही सरमिसळ झालेली. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. वर सांगितलेलं काम वेळ मारून नेणं नव्हे. त्यात मोजमाप आहे, चूक का झाली याचा शोध आहे, आणि पुढच्या माणसाला ते शिकवण्याची तयारी आहे.

सगळ्याच गाड्या अशा नव्हत्या, हे मान्य करायला हवं. पहिल्या पिढीतल्या कितीतरी गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. चॅसी कापून मागचा भाग वर उचलायचा आणि सांधा सरळ रेषेत वेल्ड करायचा, बाहेरून पट्टी नाही, आतून आधार नाही. अशी गाडी रस्त्यावर आली तर स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या जिवावर उठते. चाळीसच्या दशकात कॅलिफोर्नियातले लोक रात्रीच्या शर्यतींना वैतागले होते. वर्तमानपत्रं हॉट रॉडवाल्यांना गुंड म्हणत होती, आणि बंदीची मागणी होत होती. तिथले लोक आणि अधिकारी मूर्ख होते म्हणून त्यांनी सूट दिली, असं मुळीच नाही.

झालं असं, की छंदवाल्यांनी आपली शिस्त स्वतः उभी केली. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही क्लबांची संघटना १९३७ मध्येच स्थापन झाली होती. १९३८ च्या मेमध्ये तिने म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पहिली शर्यत भरवली. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. त्यामागे हेतूच असा होता, की लोकांनी येऊन काम बघावं आणि मत बदलावं. १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर स्पीड वीक सुरू झाला. १९५० मध्ये सँटा ॲनाच्या धावपट्टीवर शर्यतींना अधिकृत जागा मिळाली. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, आणि १९५४ पासून तिचं पथक ट्रेलर घेऊन गावोगावी फिरू लागलं. शर्यत सुरक्षितपणे कशी भरवायची, गाडी कशी तपासायची, हे ते शिकवायचं. रस्त्यावरची पोरं धावपट्टीवर गेली ती हाकलल्यामुळे नव्हे, जागा आणि नियम दोन्ही मिळाले म्हणून.

त्या शेडमधून पुढे काय निघालं तेही बघा. विक एडलब्रॉक यांनी आपल्या १९३२ च्या रोडस्टरसाठी मॅनिफोल्ड बनवला आणि त्यातून कारखाना उभा राहिला. एड इस्केंडेरियन यांनी कॅमशाफ्ट घासायला सुरुवात केली आणि त्यांचं नाव जगभर झालं. स्टुअर्ट हिलबोर्न यांचं फ्युएल इंजेक्शन पुढे इंडियानापोलिसच्या शर्यतीत पोचलं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या मोटारींच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात हॉट रॉडसाठी पहिल्यांदा वेगळा वर्ग ठेवला गेला आणि तिथे डोआन स्पेन्सर यांची १९३२ ची फोर्ड पहिली आली. ज्या हिरवळीवर बुगाटी आणि ड्युसनबर्ग उभ्या राहतात, तिथे भंगारातल्या भागांची गाडी.

आज कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाडीला स्वतंत्र वर्ग आहे. भागांच्या पावत्या दाखवायच्या, गाडीची पाहणी होते, तिला नवा ओळख क्रमांक मिळतो. धुराच्या नियमांत सवलत वर्षाला फक्त पाचशे गाड्यांना. ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची एकदाच तपासणी होते. तिथे बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला दीर्घकाळ गुणांची पद्धत वापरली गेली: चॅसीला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १, आणि जुना नंबर टिकवायचा तर किमान ८. न्यूझीलंडमध्ये छंदवाल्यांनीच बांधणीचं तपशीलवार तांत्रिक पुस्तक तयार करण्यात पुढाकार घेतला. प्रमाणित तपासनीस गाडी पास करतो आणि तिच्यावर पट्टी ठोकली जाते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मान्यताप्राप्त सीएनजी किट चालतं, दिव्यांगांसाठी केलेले बदल चालतात. म्हणजे तपासून परवानगी देता येते हे कायद्याला तत्त्वतः मान्य आहे. पण एका माणसाने एकच गाडी बांधली तर तिच्यासाठी वाट नाही. नमुना गाडीची मान्यता पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेसारख्या संस्थेकडून घ्यावी लागते, आणि ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने २०२१ मध्ये सुमारे साठ हजार रुपयांत, जुन्या भागांतून छोटी जीप बांधली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रा यांनी तिचं मनापासून कौतुक केलं, आणि ती नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. ती त्या कुटुंबाला मिळालीही. त्यांचं औदार्य खरं आहे. पण एका उद्योगपतीच्या नजरेला पडला म्हणून एकाचं भलं झालं. बाकीच्यांचं काय? त्या जीपचे ब्रेक, स्टिअरिंग आणि वेल्डिंग तपासून, काय कमी आहे ते लिहून, ‘हे सुधारा आणि परत या’ असं सांगणारा माणूस कोणत्या खिडकीवर बसतो?

आक्षेप असा येतो, की वाट उघडली की फाडफाड आवाज करणारे सायलेन्सर आणि कापलेल्या स्प्रिंगांच्या गाड्या आणखी वाढतील. माझं उत्तर सरळ आहे. त्या आजही रस्त्यावर आहेत, बंदी असूनही. त्यांचा मालक कधीच तपासणीला येणार नाही. येईल तो, ज्याने खपून काम केलं आहे आणि ज्याला ते दाखवायचं आहे. चोरीच्या भागांची भीती रास्त आहे. पण पावती आणि इंजिन क्रमांकाची नोंद ही अट त्यावर आजच्या अंधारापेक्षा जास्त परिणामकारक ठरेल. धुराचं म्हणाल, तर इंजिन कोणत्या सालच्या गाडीचं आहे त्या सालचं मानक लावा आणि गाड्यांची संख्या बांधून द्या. तपासणी करणारं कोणी नाही, हेही खरं नाही. बाहा एसएईच्या स्पर्धेत अभियांत्रिकीची मुलं, त्यांत पुण्याची कितीतरी, स्वतः बांधलेली गाडी आणतात. तिथे नळीच्या वेल्डिंगपासून सगळं तपासलं जातं, आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झाल्याशिवाय गाडी मैदानात सोडत नाहीत. ज्ञान आहे, माणसं आहेत, रीत आहे. फक्त मैदानाच्या फाटकाबाहेर तिला किंमत नाही.

२०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियमही बघा. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, वीस हजार रुपये भरून, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरासह नोंदवता येते. अट अशी, की चॅसी, बॉडी आणि इंजिनात फारसा बदल नको. म्हणजे डोआन स्पेन्सर यांची गाडी इथे असती तर पेबल बीचचं बक्षीस घेऊनही तिला हा नंबर मिळाला नसता.

मग काय करावं? प्रत्येक महसूल विभागातल्या एका आरटीओत स्वनिर्मित गाडीसाठी एक खिडकी, वर्षाला ठरावीक संख्या, शासकीय तंत्रनिकेतनातला एक प्राध्यापक आणि एक अनुभवी मोटार वाहन निरीक्षक. सुरुवातीला वेगाची मर्यादा ताशी पन्नास किलोमीटर ठेवा, महामार्ग नको. गाडी दोनदा तपासा. दुसऱ्या वेळी रस्त्यावर: ब्रेक सरळ रेषेत धरतात का, स्टिअरिंग सोडल्यावर आपसूक मधोमध येतं का, पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून किती दूर आहे. पहिली तपासणी मात्र उघड्या चॅसीची, बॉडी चढण्याआधी. दोन्ही कर्ण फीत लावून मोजायचे. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर वेल्डिंगच्या आचेने चॅसी ओढली गेली आहे. चॅसीची एका बाजूने उघडी जुनी पट्टी बंद करायला तीन मिलिमीटरचा पत्रा लावला असेल तर टाके दोन-तीन सेंटिमीटरचे, एकाआड एक बाजूला मारलेले दिसले पाहिजेत. आणि ही तपासणी रंगाच्या आधीच, कारण पुट्टी आणि रंग चढला की चांगला सांधा आणि वाईट सांधा सारखाच दिसतो.